चौक आणि चौकट

आधुनिक चित्रकलेने ग्रामीण भक्तीचा शोध घेतला, असे विधान कलेतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार वाचावयास मिळते. वरवर पाहता ते निरुपद्रवी आहे. परंतु त्यातील कर्ता कोण आणि कर्म कोण, हे तपासू लागताच त्याचा निरुपद्रवीपणा टिकत नाही. शोध घेणारा शहरातून येतो, भक्ती खेड्यात असते, आणि चित्र अखेर शहरात परतते. या वाक्यरचनेत भाविकाला कर्त्याचे पद कधीच मिळत नाही. तो दिसतो, परंतु पाहत नाही. पाहत असलाच तर त्याचे पाहणे हेही चित्राचा विषय म्हणूनच येते. या व्याकरणाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे पॉल गोगँ याचे १८८८ मधील ‘प्रवचनानंतरचे दर्शन’ हे चित्र. आणि हे व्याकरण जेथे अडखळते असे उदाहरण पालघर जिल्ह्यातच आहे : वारल्यांचा लग्नचौक, आणि त्या चौकातून बाहेर पडून कागदावर आलेली जिव्या सोमा मशे यांची चित्रे.

या दोन उदाहरणांना शेजारी ठेवण्यामागे केवळ तौलनिक अभ्यासाची हौस नाही. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेली एव्हरशाईन सिटी ही इमारतींची वसाहत प्रेक्षकाचे स्थान म्हणून क्षणभर कल्पावी. तिच्या पश्चिमेस, रेल्वेमार्गापलीकडे, १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात रुजलेली ख्रिस्ती गावे आणि त्यांची देवळे आहेत. पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराकडे वारली पाडे आहेत. आणि २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत गेल्यापासून जिव्यांचा डहाणू तालुकाही लोकलच्या टप्प्यात आला आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या मध्यमवर्गीयाला ग्रामीण भक्ती ही दूरदेशीची गोष्ट नाही. ती खिडकीतून दिसण्याइतकी जवळ आहे. आणि तरीही त्याच्या दिवाणखान्यात ती शिरते ती पडद्यावरच्या, पेल्यावरच्या, भेटवस्तूच्या खोक्यावरच्या त्रिकोणी आकृतींच्या रूपाने. जवळीक असूनही दृष्टी मात्र पर्यटकाची, असे का व्हावे, हा प्रश्न समाजशास्त्राचा वाटला तरी त्याचे मूळ चित्र पाहण्याच्या शिकवणुकीत आहे, आणि ती शिकवणूक गोगँच्या चित्राइतकी जुनी आहे.

गोगँच्या चित्राची मांडणी परिचित आहे. पुढच्या बाजूस पांढऱ्या टोप्या घातलेल्या ब्रेतों शेतकरी स्त्रिया. काहींची पाठ, काहींची मिटल्या डोळ्यांची बाजू. उजव्या कडेला खाली एक पाद्री, ज्याच्या चेहऱ्यात अनेक अभ्यासकांना खुद्द चित्रकाराचे साम्य आढळले आहे. चित्राला तिरके छेदणारे सफरचंदाचे खोड. त्या खोडापलीकडे शेंदरी-लाल भूमी, आणि तिच्यावर, आकाराने लहान, याकोब आणि देवदूत यांची झुंज. जमीन लाल नसते. त्या लाल रंगाला निसर्गाचा आधार नाही. गोगँने व्हॅन गॉगला लिहिलेल्या पत्रात आपला हेतू स्पष्ट केला आहे. हा निसर्ग आणि ही झुंज केवळ प्रवचन ऐकून प्रार्थनेत गढलेल्या माणसांच्या कल्पनेत आहे, म्हणून माणसे स्वाभाविक प्रमाणात आणि झुंज अस्वाभाविक प्रमाणात, असा त्याचा आशय. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात या खुलाशाचे महत्त्व निर्विवाद आहे. रंगाला वस्तूपासून मुक्ती मिळाली ती भक्तीच्या निमित्ताने. डोळ्याला दिसणाऱ्या जगाऐवजी मनाला दिसणारे जग रंगवण्याची परवानगी चित्रकाराने घेतली, आणि ती परवानगी त्याला मिळवून दिली अशिक्षित मानलेल्या स्त्रियांच्या श्रद्धेने.

येथे एक विसंगती आहे आणि ती नीट पाहिली पाहिजे. दर्शन स्त्रियांना झाले आहे. पण प्रेक्षकाला दिसते ते दर्शन आणि दर्शन घेणाऱ्या स्त्रिया, असे दोन्ही. म्हणजे तो त्यांच्या मागे उभा आहे. त्यांना जे खरे वाटते ते त्याला त्यांचे वाटणे म्हणून कळते. खोड ही नुसती मांडणीची युक्ती नाही. ती श्रद्धेची आणि श्रद्धेकडे पाहण्याची हद्द आहे, आणि प्रेक्षक कायमचा अलीकडे आहे. त्याच पत्रात गोगँने या आकृतींत आपल्याला मोठा, गावंढळ आणि अंधश्रद्ध असा साधेपणा साधला असल्याचे समाधान व्यक्त केले आहे. ‘अंधश्रद्ध’ हे विशेषण तेथे गौरवाचे आहे. परंतु ज्याची श्रद्धा आहे तो तिला अंधश्रद्धा म्हणत नाही. हा गौरव बाहेरून केलेला आहे, आणि आधुनिकतावादाने ग्रामीण भक्तीला जो काही मान दिला तो बहुतांशी याच जातीचा आहे.

गोगँने हे चित्र देवळाला देऊ केले. पाँतावेनच्या देवळाने ते घेतले नाही, असे त्याच्या पत्रावरून दिसते; त्याचा मित्र एमिल बर्नार याच्या आठवणींत निझाँ येथील देवळाचे नाव येते. पाद्र्याने चित्र नाकारले याचा उल्लेख बहुतेक चरित्रकार किंचित हसून करतात : बिचाऱ्या खेडवळ पाद्र्याला आधुनिक कला कशी कळावी! या हसण्यात एक शक्यता गाडली जाते. पाद्र्याला चित्र कळले नाही, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. ज्या देवळात स्त्रिया प्रार्थना करतात त्याच देवळात त्या प्रार्थना करीत असल्याचे चित्र लावले, तर त्यांनी काय करावे? स्वतःची पाठ पाहावी? देवळातील प्रतिमा भाविकाकडे तोंड करून असते. या चित्रात भाविकच चित्र झाला आहे आणि देव कोपऱ्यात गेला आहे. पाद्र्याचा नकार हा अभिरुचीचा नसून उपयोगाचा असणे अगदी संभवनीय आहे. ते चित्र पुढे १९२५ मध्ये एडिनबरो येथील राष्ट्रीय संग्रहालयात दाखल झाले, आणि तेथे ते आपल्या योग्य जागी आहे. कारण ते मुळातच संग्रहालयातील प्रेक्षकासाठी रचलेले होते.

गोगँवर समकालीन टीका झाली ती दोन टोकांची. १८९१ मध्ये आल्बेर ओरिए याने याच चित्राच्या वर्णनाने प्रारंभ करून प्रतीकवादी चित्रकलेची मीमांसा मांडली आणि गोगँला तिचा नेता ठरविले. त्याच वर्षी कामिय पिसारो याने मुलाला लिहिलेल्या पत्रात या कौतुकाला आक्षेप घेतला. लाल भूमीबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती ही, की गोगँने आपले संश्लेषण आधुनिक, सामाजिक, अधिकारशाहीविरोधी आणि गूढवादविरोधी विचाराला जोडले नाही. पिसारो स्वतः शेतकऱ्यांचा चित्रकार आणि अराज्यवादी असल्यामुळे त्याचा आक्षेप अपेक्षितच म्हणावा. परंतु जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९८० मध्ये, फ्रेड ऑर्टन आणि ग्रिझेल्डा पोलॉक यांनी त्याला इतिहासाचे बळ पुरविले. ज्या ब्रिटनीला चित्रकार काळाबाहेरचा प्रदेश समजत होते ती त्या काळात शेतीच्या बदलातून जात होती. पाँतावेन हे चित्रकारांच्या खाणावळींचे आणि पर्यटकांचे गाव बनले होते. आणि ज्या पोशाखाला पुरातन मानले जाई त्याची भरभराट बरीच अलीकडची होती. टोपी हे आदिमतेचे चिन्ह नव्हते, ते एका विशिष्ट आर्थिक काळाचे चिन्ह होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सामवेदी ख्रिस्ती वृद्धेच्या लाल लुगड्याकडे पाहतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाहेरच्या डोळ्याला ते लुगडे चटकन ‘पोशाख’ होते. नेसणारीला ते लुगडेच असते.

आता दुसरे उदाहरण. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. ‘लिहिणे’ हेच क्रियापद वारली वापरतात, आणि मराठीच्या अभ्यासकाला त्यात आश्चर्य वाटू नये. संस्कृत ‘लिख्’ धातूत ओरखडणे, रेखणे आणि लिहिणे यांची फारकत झालेली नाही. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौक लिहितात त्या सवासिनी. मधोमध पालघट देवी, त्रिकोणांच्या देहाची. तिच्यासोबत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. बाहेरच्या कडांना नक्षीच्या अनेक ओळी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. या चौकाबाहेर, उरलेल्या भिंतीवर, झाडे, पाखरे, नाचणारी माणसे, घोड्यावरचे नवरा-नवरी. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते. तिच्या नावात महदंबेच्या ‘धवळ्यां’तील तोच शब्द आहे, तेराव्या शतकातील मराठी वाङ्मयात विवाहगीताच्या अर्थाने स्थिरावलेला. मराठी कवितेच्या इतिहासात पहिल्या पानावर असणारा हा गीतप्रकार डहाणू-तलासरीच्या पाड्यांत विधीचा भाग म्हणून जिवंत राहिला, याची नोंद वाङ्मयेतिहासाने जितकी घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

चौक हे गोगँच्या चित्राच्या नेमके उलट आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. आणि काही अंशी ते खरे आहे. येथे भाविक चित्राचा विषय नाही, चित्राची कर्ती आहे. चौकाला प्रेक्षक नाही. तो लग्नाला साक्षी असतो. तो नसेल तर लग्न होत नाही. त्याच्याकडे पाहणे हे त्याचे प्रयोजन नाही. त्याच्यापुढे काही घडणे हे आहे. देवी अनुपस्थित असताना तिचे स्मरण करून देणारे ते चित्र नव्हे, देवीने येऊन बसण्याची ती जागा आहे. म्हणूनच चौकाची ‘शैली’ हा शब्दप्रयोग काहीसा विसंगत वाटतो. रांगोळीची शैली असते, पण ती शैलीसाठी काढली जात नाही.

परंतु या वैधर्म्याला फार ताणण्यात धोका आहे. एका बाजूला कृत्रिम आधुनिक, दुसऱ्या बाजूला अकृत्रिम आदिम, अशी विभागणी केली की गोगँचीच दृष्टी मागील दाराने परत येते. ती कशी आली, हे १९७० नंतरच्या घडामोडींवरून दिसते. अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी वारली पाड्यांत गेले. त्याआधी ते मिथिलेत गेले होते आणि तेथील स्त्रियांच्या भित्तिचित्रांना कागदावर आणण्यात त्यांचा वाटा होता. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. १९३४ मध्ये तलासरीतील धामणगावी जन्मलेले, लहानपणी आई गेल्यावर बोलणे थांबलेले आणि धुळीत रेघा ओढून आपले सांगणे सांगणारे, अशी त्यांची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. १९७५ मध्ये मुंबईच्या शेमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते, २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज भूमिकलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे मांडली गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रवासाचे वर्णन करण्यासाठी वॉल्टर बेंजामिनची परिभाषा हाताशी असतेच. पूजामूल्याकडून प्रदर्शनमूल्याकडे झालेला प्रवास, आणि त्यात हरवलेले तेजोवलय. मराठी समीक्षेत ही परिभाषा आता इतकी सुलभ झाली आहे की ती लागू पडते की नाही हे पाहण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. बेंजामिनच्या विवेचनात पूजावस्तूचे तेज तिच्या एकमेवत्वात आणि टिकाऊपणात आहे. ती एकाच जागी, पिढ्यान्‌पिढ्या, एकच असते. चौकाला यांपैकी टिकाऊपणा नाही. भिंत पुन्हा सारवली जाते, चौक जातो. पुढच्या लग्नात पुन्हा लिहिला जातो. त्याचे एकमेवत्व वस्तूचे नसून प्रसंगाचे आहे. म्हणजे ज्याला बेंजामिन पुनरुत्पादन म्हणेल ते चौकाच्या मूळ स्वभावातच आहे, फक्त ते यंत्राने नव्हे तर सवासिनींच्या हातांनी होते. उलट कागदावर येताच चित्राला एकमेवत्व, टिकाऊपणा, सही आणि मालक मिळाला. तेजोवलय गेले असे म्हणण्यापेक्षा ते येथे प्रथमच चढविले गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. युरोपीय प्रतिमानाने आरंभ केला की विधी नेहमी मागे पडलेला दिसतो. प्रत्यक्षात पाड्यावर चौक चालूच राहिला. हरवले ते काही असेल तर ते वेगळे आहे, आणि त्याचा शोध चित्रांतच घ्यावा लागेल.

जिव्यांच्या कागदावरील अनेक चित्रांत पालघट देवी नाही. चौकाबाहेरच्या भिंतीवर जे किरकोळ म्हणून असे, तेच येथे सर्व पृष्ठभर पसरले आहे : भातलावणी, शिकार, तारप्याभोवतीचा नाच, मुंग्या, वाटा, लग्नाचे वऱ्हाड. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात तर बारीक, किंचित कंप पावणाऱ्या रेघांचे जाळे हाच जवळजवळ सर्व चित्राचा विस्तार आहे. माणूस त्याच्या कडेला एवढासा. चौक जेथे संपतो तेथे हे चित्र सुरू होते. देवीच्या चौकटीला हात न लावता तिच्याबाहेरचा परिघ मोठा करणे, हा जिव्यांचा निर्णय होता; आणि तो निर्णय आहे, सहजस्फूर्त ओघ नव्हे, हे मान्य केल्याशिवाय त्यांना चित्रकार म्हणण्याला अर्थ राहत नाही. चौक लिहिण्याचा अधिकार सवासिनींचा. पुरुषाने तो घेतला नाही, तर त्याच्या शेजारची मोकळी भिंत घेतली. ज्याला आधुनिकता म्हणतात ती या हद्द ओळखण्यात आहे : काय बाहेर नेता येते आणि काय येत नाही याचा विवेक. गोगँच्या चित्रातील खोड श्रद्धेला प्रेक्षणीय करते. जिव्यांच्या चित्रात न काढलेली चौकट श्रद्धेला प्रेक्षणीय होऊ देत नाही. हे विधान त्यांच्या सगळ्या चित्रांना लागू पडणार नाही. त्यांनी चौकही कागदावर काढले आहेत आणि ते विकले गेले आहेत. तरीही त्यांची श्रेष्ठ चित्रे कोणती, असे विचारले तर बोट जाळ्याकडे आणि मुंग्यांकडे जाते, चौकाकडे नाही.

जिव्या अश्रद्ध झाले म्हणून देवी गेली, असे समजणे चूक ठरेल. पाश्चात्त्य आधुनिकतावादाच्या इतिहासात श्रद्धेचा लोप आणि रूपाची मुक्ती या घटना इतक्या जोडीने येतात की एकीवरून दुसरीचे अनुमान केले जाते. जगदीश स्वामीनाथन यांनी १९८२ पासून भोपाळच्या भारत भवनात आदिवासी आणि नागर चित्रकारांना एकाच छताखाली आणून हे अनुमान खोडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते आदिवासी चित्रकार हा कोणाचा भूतकाळ नसून समकालीन आहे. भूमिका उदार आणि योग्य होती. मात्र समकालीनत्व हे छताने मिळत नाही. त्याच वेळी पाड्यावर जमिनीचे, कर्जाचे, जंगलखात्याचे जे चालले होते तेही त्या समकालीनत्वात मोजावे लागते, आणि कलादालनाच्या भाषेत त्याला जागा नव्हती.

वारली चित्रांवरील लेखनाची सर्वांत मोठी उणीव येथे आहे. चौक हा लग्नाचा. आणि ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात लग्न हेच गुलामीचे दार होते. गोदावरी परुळेकर यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ‘लग्नगडी’ या प्रथेची हकीकत आहे. लग्नाच्या खर्चासाठी वारली जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्या कर्जापोटी तो व त्याची बायको जमीनदाराच्या घरी राबत. कर्ज फिटण्याची वेळ बहुधा येत नसे. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी यांविरुद्धचा उठाव सुरू झाला. जिव्या त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होते आणि त्यांचे जन्मगाव त्याच टापूतले. हे पुस्तक मराठीत सर्वपरिचित आहे, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आहे, विद्यापीठांतून ते अभ्यासले गेले आहे. वारली चित्रकलेवरील पुस्तकेही सर्वपरिचित आहेत. यशोधरा दालमिया यांचा १९८८ मधील ग्रंथ विधींच्या तपशिलासाठी आजही अपरिहार्य आहे. परंतु एका कपाटातील पुस्तक दुसऱ्या कपाटातील पुस्तकाशी क्वचितच बोलते. कलासमीक्षा चौकातील फणी आणि शिडी यांचे अर्थ लावते. चळवळीचा इतिहास कर्जाचे आकडे देतो. ज्या भिंतीवर सवासिनी पालघटीला बसवीत, त्या भिंतीआडचे जोडपे दुसऱ्या दिवशी कोणाच्या शेतावर जाणार होते, हा प्रश्न दोहोंच्या मधल्या फटीत पडून राहतो.

हा प्रश्न विचारला म्हणून चौकाची पवित्रता कमी होत नाही. उलट तिचे वजन कळते. जे लग्न आयुष्यभराची वेठ अंगावर घेऊन करावयाचे, त्यात देवीला बोलावण्याचा अर्थ निव्वळ ‘सुफलनविधी’ या मानववंशशास्त्रीय शब्दात मावत नाही. समृद्धीची देवी तेथे समृद्धीच्या साक्षीने येत नाही. गेरूच्या भिंतीवरचा तांदूळ हाही ज्याच्या घरी तो वर्षभर पुरत नाही त्याने काढून ठेवलेला तांदूळ आहे. पिसारोने गोगँला विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, पण त्याची दिशा बदलून. चौकात जमीनदार का नाही, असे सवासिनींना विचारता येणार नाही. चौकात कोण यावे हे विधी ठरवतो, आणि जमीनदाराला तेथे प्रवेश नसणे ही गोष्ट भोळेपणाची नव्हे. घरात अशी एक जागा होती जेथे तो नव्हता. जिव्यांच्या चित्रांतही तो विरळाच, आणि तेथे उत्तर इतके सोपे नाही. चित्रे विकत घेणाऱ्याला आनंदी नाच हवा होता, हे त्या उत्तरात धरावेच लागेल. आणि गोगँच्या चित्रात ब्रिटनीचे अर्थकारण नाही, ते चित्रकाराने न पाहिल्यामुळे किंवा पाहून गाळल्यामुळे. तीन चित्रांत एकच गोष्ट नाही, पण तीन नसण्यांची कारणे तीन आहेत. एक निषेध, एक मागणी, एक स्वप्न. या तिन्हींना ‘कालातीतता’ हे एकच नाव देण्याची सवय समीक्षेने सोडावयास हवी.

मराठी-कोंकणी टापूत धार्मिक संस्थेने आधुनिक चित्र नाकारण्याची कथा गोगँपुरती नाही. गोव्यातील सांतएस्तेव येथे १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून परतले, तेव्हा त्यांच्या लुगड्यातील मारियेने गोव्याच्या ख्रिस्ती समाजात रोष ओढवून घेतला. पुढे पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात राहून त्यांनी १९६७ मधील निधनापर्यंत काम केले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) यांनी उलट टोक गाठले. देवळातील सोहळ्याची भव्यता त्यांनी आयुष्यभर विसरली नाही आणि क्षमाही केली नाही. टेट संग्रहालयातील त्यांच्या १९५९ मधील ‘क्रूसारोहणा’त ख्रिस्ताच्या अंगावर काट्यांसारख्या काळ्या रेघा आहेत. फोन्सेका हे पुनरुज्जीवनवादी आणि सोझा हे आधुनिक, अशी वाटणी रूढ आहे. पण गावातल्या गुडघे टेकलेल्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या मारियेला तिच्यासारखे लुगडे नेसवणारा चित्रकार अधिक धाडसी होता, कारण त्याने चित्र तिच्या देवळातच लावण्याची इच्छा धरली. सोझांनी देवळाची मान्यता मागितलीच नाही. नकार पत्करायचा तर आधी मागावे लागते. फोन्सेकांच्या कामाचा मोठा भाग २००६ मध्ये पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. हे चित्रही, म्हणजे, अखेरीस संग्रहातच विसावले.

वारली चित्राच्या बाबतीत नकार कोणी दिला नाही, आणि अडचण बहुधा हीच आहे. चित्र देवघरातून बाहेर आले आणि सगळ्यांनी त्याचे स्वागत केले. हस्तव्यवसाय मंडळाने, कलादालनाने, सरकारी इमारतीच्या भिंतींनी, शाळेच्या चित्रकला-वहीने, आणि शेवटी एव्हरशाईन सिटीतल्या दिवाणखान्याने. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. त्याच वर्षी पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. स्वागताच्या या ओघात प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळत गेले : आधी प्रसंग, मग सवासिनी, मग हाताचा कंप, शेवटी चित्र काढणाराही. उरला तो दोन त्रिकोण जोडून केलेला माणूस, जो कोणालाही काढता येतो. गोगँच्या स्त्रियांच्या टोप्या निदान गोगँने रंगवल्या होत्या.

कलादालनाने जिव्यांना नाव दिले, ही लहान गोष्ट नव्हे. ‘लोककला’ या शब्दाखाली नामशेष होण्यापासून एक चित्रकार वाचला. पण त्या नावासोबत एक उलथापालथही घडली आणि तिची चर्चा झाली पाहिजे. शतकानुशतके चौक लिहिणाऱ्या स्त्रियांना नावाची गरज नव्हती, कारण चौक कोणाचा नव्हता. चित्राला नाव लागण्याची वेळ आली तेव्हा ते पुरुषाचे लागले, आणि त्यानंतर प्रसिद्धीस आलेल्या वारली चित्रकारांत पुरुषच अधिक आहेत. ज्या मोकळ्या भिंतीची निवड जिव्यांनी विवेकाने केली, तीच भिंत पुढे सगळी कला समजली गेली आणि चौक तिचा ‘पारंपरिक स्रोत’ ठरला. वारली चित्रकलेच्या इतिहासाचे पहिले प्रकरण १९७० च्या दशकात सुरू करण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यात मंडळाचे अधिकारी, मुंबईचे चित्रकार, कलादालनाचे चालक यांची नावे आहेत. त्या दशकाच्या आधी कळंबीपाड्यातल्या कोणत्या घरात, कोणाच्या लग्नात, कोणत्या सवासिनींनी लिहिलेला चौक पाहत जिव्यांच्या हाताला वळण लागले, हे त्या प्रकरणात विचारलेले नाही. धवलेरींच्या गाण्यांत लग्नघरांची नावे येत असतील, तर तो शोध कलादालनाच्या दप्तरातून नव्हे, त्या गाण्यांतून सुरू करावा लागेल. आणि तो भाषेच्या अभ्यासकाचा प्रांत आहे.